चार ते पाच, पाच ते सहा

वृद्धाश्रमातल्या भेटींच्या वेळा ठरवणारा प्रोग्रॅम बाबूनंच लिहून दिला होता. खोल्या लहान, म्हणून एका वेळी एकच नातेवाईक, असा मेट्रनबाईंचा नियम. दोन भेटी एकमेकींवर चढतात का हे तपासणं सोपं असतं. पहिली संपायच्या आत दुसरी सुरू होत असेल तर नाही म्हणायचं. पहिली पाचला संपून दुसरी पाचलाच सुरू होत असेल तर हरकत नाही. या ‘हरकत नाही’च्या फटीत बाबूचं आणि त्याच्या ताईचं नातं तीन वर्षं सुखरूप होतं. दर रविवारी तो चार ते पाच, ती पाच ते सहा. तो मागच्या जिन्यानं उतरायचा, ती पुढच्या जिन्यानं चढायची.

भांडण आईला इथं ठेवण्यावरून झालं होतं. ठेवू नये यावर दोघांचं एकमत होतं. तिला आपल्या घरी न्यावं, असं मात्र दोघांपैकी कुणीच म्हणालं नव्हतं.

आईला हल्ली विसर पडायचा. औषध घेतल्याचं विसरायची, जेवल्याचं विसरायची, पण एक विचारणं चुकत नव्हतं, की तुम्ही दोघं मला एकदम कधी दिसणार? यंदाचं वर्ष सरेपर्यंत ती माणसं ओळखेनाशी होईल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

ताईला फोन करता आला असता. तिचा नंबर बुकिंगच्या रकान्यात होताच. पण फोन करायचा म्हणजे आधी आपण बोलायचं. त्यापेक्षा बाबूनं प्रोग्रॅम बदलला. दोन भेटी पंधरा मिनिटं एकमेकींवर चढल्या तरी चालतील, अशी सूट घातली, मेट्रनबाईंना ‘नातेवाइकांच्या सोयीसाठी’ असं पटवलं आणि स्वतःची वेळ सव्वापाचपर्यंत ओढली. आईसमोर ताई तोंड फिरवणार नाही, असा त्याचा अंदाज.

बुधवारी पाहिलं तर ताईनं आपली वेळ सव्वापाच ते सव्वासहा करून घेतली होती. कुणाची वेळ कुणावर चढली की दोघांनाही तसं नम्रपणे कळवावं, ही सोय बाबूनंच मोठ्या हौसेनं केली होती.

रविवारी तो खोलीत शिरला तसा आईचा चेहरा खुलला.

“ताई, आलीस?”

त्यानं मागं वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

“बाबूशी बोललीस का गं? मागं तूच म्हणालीस ना, ‘तो एकदा बोलला तर मी कधीची तयार आहे’ म्हणून.”

बाबूनं खुर्ची पलंगाजवळ ओढली. मग तो म्हणाला, “झालं बोलणं.”

बरं झालं, म्हणत आईनं त्याचा हात धरला. बाबूला लहानपणापासून पुढाकार म्हणून घेता येत नाही, तू मोठी आहेस, सांभाळून घे, असं ती सांगत राहिली. तो हो-हो करत राहिला. सव्वापाच झाले. तो उठला नाही.

दार उघडलं. त्याला पाहून ताई उंबऱ्यातच थबकली. आईनं डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं, आणि बाबूचा हात दाबून हळूच विचारलं, “ताई, हे कोण आलंय गं?”

ताईनं आधी आईकडे, मग भावाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

“मी बाबू आहे, आई,” ताई म्हणाली.

आई दोघांकडे आळीपाळीनं कितीतरी वेळ पाहत राहिली. मग समाधानानं उशीवर टेकली. ती झोपेपर्यंत दोघं तिथंच बसून होती, एकेक हात तिच्या हातात देऊन, आपापल्या बाजूच्या भिंतीकडे बघत.