तांब्याचं किट वेगळं

भिंगवाल्यांनी काचेच्या टाकीचा दिवा लावला. तळाच्या काळ्या वाळूवर कोळंब्या आडव्या पडल्या होत्या. काल हिरव्या शेवाळावर नुसती लाल धावपळ चालली होती. आज सगळ्या फिकट गुलाबी, उकडल्यासारख्या. त्यांनी काचेवर टिचकी मारली, जाळीने एकीला हलवून पाहिलं, मग उगाचच दिवा बंद करून पुन्हा लावला.

"काय झालं?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"गेल्या. सगळ्या गेल्या."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला, पण ती बाहेर आली नाही. एवढं झालं तरी हिचा हेका सुटत नाही, असं वाटून भिंगवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

टाकी मुलीची. तिने परस्पर लग्न केलं, टाकी मागे राहिली, आणि त्या दिवसापासून आईने लेकीशी बोलणं टाकलं. त्याला आता दोन वर्षं होत आली होती. बापलेकीलाही बोलायला काही सुचत नसे. पण रविवारी संध्याकाळी फोन यायचा, "बाबा, कोळंब्या कशा आहेत?" आणि कोळंब्यांच्या निमित्ताने हळूहळू सगळं बोललं जायचं. नोकरी, घर, जावयाची सर्दीसुद्धा. तेवढा वेळ बायको आत नळ सोडून भांडी घासत बसायची. टाकीकडे ती ढुंकूनही पाहत नाही, याची भिंगवाल्यांना पक्की खात्री होती. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून जन्मभर लोकांच्या काचा घासल्या, त्यामुळे आपल्याला सगळं स्वच्छ दिसतं असा त्यांचा एक समज होता.

आज रविवारच होता. संध्याकाळी लेकीला काय सांगायचं? निदान कशाने गेल्या एवढं तरी सांगता यायला हवं. म्हणून ते चपला अडकवून कोपऱ्यावरच्या अॅक्वेरियमच्या दुकानात गेले.

"कोळंब्यांच्या टाकीचं पाणी तपासायचं काहीतरी द्या. चांगलं."

दुकानदाराने काउंटरवर डबे मांडले. "या पट्ट्या. बुडवायच्या आणि रंग बघायचा. झटपट काम, पण यात अमोनिया कळत नाही. हे थेंबांचं किट. थोडी खटपट आहे, पण भरवशाचं. अमोनिया, नायट्राईट, नायट्रेट, पीएच, सगळं निघतं. कोळंबीला तांबं अजिबात चालत नाही, त्याचं किट वेगळं घ्यावं लागतं. एवढुसं तांबं आलं पाण्यात, की संपलंच."

"तांबं कुठून येणार आमच्या पाण्यात?"

"जुने नळ असतात. माशांची औषधं असतात." दुकानदार बोलता बोलता थांबला. "काका, परवा काकूंनी नेलं ते औषध नाही ना घातलंत?"

"कोणत्या काकूंनी?"

"तुमच्याच की!"

भिंगवाल्यांनी हातातला डबा खाली ठेवला.

"रडकुंडीला आल्या होत्या हो. म्हणाल्या, अंगावरची सालं निघून तळाशी पडतायत, काहीतरी रोग आहे. मी विचारलं, किती आहेत? तर म्हणाल्या, रोज मोजते, पण मेल्या एका जागी थांबतील तर ना! मुलीच्या आहेत, काही झालं तर तिला काय तोंड दाखवू म्हणाल्या. मला वाटलं, मासे असतील." त्याचा चेहरा उतरला. "काका, त्या औषधात तांबं असतं."

रोज मोजते. भिंगवाले मनाशी हिशोब लावू लागले. हे मोजणं कधी चालायचं? ते कामावर गेल्यावर? दोन वर्षं एका घरात राहून त्यांना याचा पत्ता नव्हता.

"मग काका, दोन्ही किट देऊ?"

भिंगवाल्यांनी तांब्याचा छोटा डबा उचलला, उलटसुलट केला आणि परत ठेवला. "नको. हे थेंबांचंच द्या. आणि काकू आल्या पुन्हा, तर त्यांना यातलं काही बोलू नका."

संध्याकाळी त्यांनी मुद्दाम बायकोला दिसेल असं टेबलावर सगळं मांडलं. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं. "बघ, पिवळंच राहिलं. अमोनिया नाही. पाणी चांगलं आहे आपलं. आयुष्यच तेवढं असतं बिचाऱ्यांचं."

"सगळ्यांचं एकाच दिवशी संपलं?"

भिंगवाल्यांनी नळी पुन्हा उजेडाकडे धरली.

"तांब्याचं नाही आणलंत?"

त्यांनी चमकून वर पाहिलं. बायकोने पदराआडून औषधाची बाटली काढून टेबलावर ठेवली. "मागे बारीक अक्षरात लिहिलंय. सकाळी वाचलं, सगळं झाल्यावर. तुम्हीच करून दिलेल्या चष्म्याने वाचलं."

"अगं, कात टाकतात त्या. वाढायला लागल्या की जुनं कवच सोडतात. रोग नव्हता तो."

"मला कोण सांगणार होतं?"

दर रविवारी हेच सगळं भिंगवाले फोनवर तासभर बोलत आले होते, आणि ती भिंतीपलीकडे होती. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

ती आत गेली. नेहमीप्रमाणे नळ सुटला. आणि फोन वाजला.

भिंगवाले उठणार, तोच ती नळ तसाच सोडून ओल्या हातांनी धावत बाहेर आली. "थांबा. मी घेते."

तिने फोन कानाला लावला. पलीकडून "बाबा, कोळंब्या..." एवढंच ऐकू आलं.

"बाबा नाहीत. मी आहे. अगं, तुझ्या कोळंब्या गेल्या. माझ्या हातून गेल्या."

पलीकडून लेक हळू आवाजात काहीतरी बोलली. बायकोने फोन कानात रुतेल इतका दाबून धरला, दुसऱ्या कानावर ओला तळवा ठेवला. "काय? काय म्हणालीस? ऐकू येत नाहीये गं..."

भिंगवाल्यांनी नळी खाली ठेवली, पाय न वाजवता आत गेले आणि नळ बंद केला.