पिशव्या रस्त्यावर

लिफ्ट मागत फिरायची कल्पना भावजयीची. दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांचे वासलेले जबडे बघून ती कंटाळली होती, आणि लाँड्रीत इस्त्री फिरवून फिरवून नणंदेचा खांदा कामातून गेला होता.

"वन्सं, शनिवार-रविवार तळ्यावर जाऊ. बसने नाही हं. रस्त्यावर उभं राहायचं, अंगठा दाखवायचा, जो थांबेल त्याच्या गाडीत बसायचं."

"या वयात मी अंगठा दाखवू? कोण थांबेल?"

"तुम्हाला बघून सगळे थांबतील. पोलीस वाटता."

आणि थांबलेही. पहिला थांबला तो काचा वाहून नेणारा टेम्पोवाला. खड्डा आला की तो हळूच म्हणायचा, "सांभाळा गं बायांनो." नणंद दर वेळी "हो हो, बसलोय नीट" म्हणायची. फाट्यावर उतरवताना तो लाजत म्हणाला, "ताई, मी काचांना म्हणत होतो." भावजय पोट धरधरून हसली. नणंदही हसली. असं मोकळं हसून तिला वर्षं झाली असतील.

फाट्यावर एक मोठी चकचकीत गाडी थांबली. चालवणारा ठेकेदार होता. हे त्याने बसल्या बसल्याच सांगितलं. शेजारी त्याची बायको. मग त्याचं व्याख्यान सुरू झालं. बायकांनी असं रस्त्यावर उभं राहणं बरं नव्हे, दिवस वाईट आहेत, मी म्हणून थांबलो, दुसरा कोणी असता तर. भावजय मागून "हो ना, खरंय" करत होती. नणंदेने खिडकीबाहेर बघून जांभई दिली.

एवढ्यात ठेकेदाराच्या बायकोचा हात कानाकडे गेला. "अहो, कानातलं! एक नाहीये."

गाडी कडेला लागली. सीटखाली बघितलं, पायपुसणी झटकली. मग ठेकेदार मागे वळला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "तुम्ही दोघी जरा पिशव्या उघडता का? राग मानू नका. मनात शंका नको."

नणंदेला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण भावजय खाली उतरलीसुद्धा होती. "बघा ना, त्यात काय," असं म्हणत तिने आपली पिशवी रस्त्याच्या कडेला उलटी केली. टॉवेल, कंगवा, आतले कपडे, सगळं धुळीत. बाजूने ट्रक जात होते, त्यातली माणसं माना वळवून बघत होती. आणि नणंदेचे हात, तिला पुढे कित्येकदा आठवलं, आपोआप आपल्या पिशवीच्या चेनकडे गेले. गुडघ्याचं तेल, रक्तदाबाच्या गोळ्या, उसवलेला गाऊन. ठेकेदाराने बुटाच्या टोकाने तो गाऊन बाजूला सारला.

"अगं बाई," त्याची बायको म्हणाली. कानातलं तिच्याच ओढणीत अडकलं होतं.

"सापडलं ना? झालं तर," ठेकेदार स्टिअरिंगमागे बसत म्हणाला. "चला, बसा लवकर. उशीर होतोय."

नणंद बसली. पण मागे नाही, त्याच्या शेजारी, पुढच्या सीटवर. दार लावून घेतलं आणि हाताची घडी घातली.

"ही माझ्या बायकोची जागा आहे."

"माहितीये. आमचं सामान जिथून काढायला लावलंत तिथे तुमच्या हाताने भरा. मग उठते."

"हे बघा बाई, मी उपकार करून—"

"उपकार तुमच्यापाशी ठेवा. लाँड्रीत लोकांच्या खिशात अंगठ्या निघतात, घड्याळं निघतात. नेऊन हातात देते मी. आणि तुम्ही माझ्या गाऊनला बूट लावता? उतरा!"

त्याने हॉर्नवर हात दाबून धरला. ती हलली नाही. त्याची बायको मात्र मुकाट्याने खाली बसून कपडे झटकू लागली, घड्या घालू लागली. "माफ करा हो ताई," ती म्हणाली.

"तुम्ही नका. तुम्ही पिशव्या उघडायला लावल्या नव्हत्यात."

शेवटी तो उतरला. गोळ्यांचं पाकीट उचललं, तेलाची बाटली उचलली आणि काचेकडे बघत "सॉरी" म्हणाला. कुत्र्यापुढे तुकडा टाकावा तसं. नणंद उतरली, गाडी धूळ उडवत गेली.

उरलेला रस्ता दोघी चालल्या. तळं छान होतं. नणंदेला ते दिसलंच नाही.

"सोडा ना वन्सं आता."

"तू हसत हसत पिशवी का उलटी केलीस? दवाखान्यात जबडा उघडा म्हटलं की उघडतात तशी!"

"भांडण नको म्हणून."

"आणि मी तरी का उघडली?" नणंद ओरडली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ठेकेदारापेक्षा तिला त्या चेनवर गेलेल्या आपल्याच हातांचा राग येत होता. तळ्याकाठच्या लॉजवर रात्रभर दोघी एकमेकींकडे पाठ करून झोपल्या.

रविवारी एक वयस्क माळी रोपांच्या गाडीतून त्यांना घरापर्यंत घेऊन आला. बसण्याआधी नणंदेने त्याला दरडावून विचारलं, "आमच्यावर भरवसा आहे ना? नसेल तर आत्ताच पुढे जा." तो बिचारा इतका घाबरला की वाटभर एक अक्षर बोलला नाही.

घरी भाऊ दारातच उभा होता. नणंदेने चपला न काढता सगळी हकिगत सांगितली, आवाज चढवून, हातवारे करून. भावाने शांतपणे ऐकून घेतलं.

"पण ताई, कानातलं सापडलं ना शेवटी? मग कशाला एवढं मनाला लावून घेतेस?"

तेवढ्यात भावजयीने हातातली पिशवी धाडकन जमिनीवर आपटली.

"कानातल्याचा प्रश्नच कुठे आहे?" ती नवऱ्यावर कडाडली. "सापडलं नसतं तर? तर आम्ही चोर ठरलो असतो का? सांग ना!"

भाऊ चहा टाकतो म्हणून आत गेला, तर दोघीही त्याच्यामागून स्वयंपाकघरात गेल्या.