चिंचेने घासलेलं हॅम्बर्गचं नाणं

आमच्या दीनानाथांना संशय घ्यायला निमित्त लागत नाही. इथे आखातात, सालमियातल्या भाजीवाल्यापासून बिल्डिंगच्या लिफ्टपर्यंत कशावर म्हणून यांचा भरवसा नाही. अपवाद एकच, वरच्या मजल्यावरचा तल्हा. हैदराबादचा, यांच्याच रिफायनरीत इंजिनिअर. जुन्या नाण्यांचं वेड दोघांना सारखंच, त्यामुळे दर शुक्रवारी भिंग घेऊन बैठक ठरलेली.

यांचं सगळ्यात लाडकं नाणं जर्मनीतल्या हॅम्बर्गचं. नखाएवढी चांदी, वर तीन बुरुजांचा किल्ला, चारशे वर्षांत काळीकुट्ट झालेली. "हा काळेपणाच तर तिचं वय सांगतो," म्हणून मला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत.

यंदा लक्ष्मीपूजन शनिवारी आलं. दुपारी यांनी कपाटातली डबी उघडली. नाणं होतं, पण लखलखीत.

"बदललंय! काल तल्हाच ते घेऊन खिडकीशी गेला होता."

"अहो, तल्हा असं करेल?"

"मग डबी आणखी कुणाला ठाऊक आहे?"

मी पाठोपाठ धावले, तोवर हे वर पोचलेही होते. तल्हाने सगळं ऐकून घेतलं. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने कपाटाची कडी काढली आणि नाण्यांचे सगळे अल्बम टेबलावर ठेवले.

"देख लो, दीनाभाई."

आता तरी हे लाजतील असं वाटलं. पण यांनी खरोखर पान न् पान उलटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीच सापडलं नाही, तरी जिन्यात पुटपुटले, "दुसरीकडे ठेवलं असेल."

संध्याकाळी पूजा मांडताना, नाशिकहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "दीना, ते किल्ल्याचं नाणं आण रे. सकाळी पूजेच्या चांदीबरोबर तेही चिंचेने घासलं मी. इतकं काळं लक्ष्मीपुढे ठेवतात का?"

यांनी नाणं समईपाशी धरलं. मधल्या बुरुजावरचा जुना ओरखडा जागच्या जागी होता. दुपारी तो बघायला सवड कुणाला होती! "आता तल्हाला काय तोंड दाखवू!" हे म्हणाले. मला दया आली नाही, संताप आला. फराळाचं ताट भरलं आणि यांना वर घेऊन गेले.

यांनी हात जोडून माफी मागितली. तल्हाने ताट घेतलं, चहा दिला, "हो जाता है" म्हणाला.

"शुक्रवारी बसू ना?" यांनी भीतभीत विचारलं.

"देखते हैं."

त्याच्या मागे ते कपाट होतं. दुपारी त्याला नुसती कडी होती. आता कुलूप होतं.