निळ्या किटलीची रेकॉर्ड आणि रुसलेला जावई

बाजू पहिली

मित्रांनो, मी एक जुनी रेकॉर्ड आहे. काळी, गोल, मधोमध भोक असलेली. ताटाएवढी म्हणा. पण ताट सपाट असतं आणि मी आता सपाट राहिलेले नाही. ती हकीकत माझ्या दुसऱ्या बाजूला आहे. रेकॉर्ड मधूनच ऐकायची नसते. सुई कडेला ठेवा आणि सावकाश आत या.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. काळ्या लगद्याचा गोळा तापवून दोन साच्यांमध्ये दाबला आणि त्याच क्षणी चार पोरांचं गाणं माझ्या अंगावर उमटलं. माणसाचं मूल आधी रडतं आणि खूप दिवसांनी बोलू लागतं. मी जन्मले तीच गात. त्या चौघांचे केस कानांवर आले होते आणि ते गिटार अशी वाजवत, की जणू तिच्यावर त्यांचा राग होता. त्या संगीताला रॉक म्हणत. माझ्या पाकिटावर निळ्या किटलीचं चित्र होतं. किटलीच का, ते त्या चौघांनाही सांगता आलं नसतं.

बंदरावरच्या एका दुकानात मी इतर रेकॉर्डींच्या रांगेत उभी होते. एके दिवशी एका तेलकट हातानं मला बाहेर काढलं. तो हात कोकणातल्या मिठबावच्या गंगारामचा होता. गंगाराम मालवाहू बोटीच्या इंजिनघरात काम करी. दिवसभर धडधडाट ऐकणाऱ्या माणसाला गाण्यातही धडधडाटच हवा, याचं दुकानदाराला नवल वाटलं. मला नाही वाटलं. हात तेलकट होते, पण त्यांनी मला फक्त कडेला धरलं होतं. रेकॉर्ड कशी धरावी हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

अशी मी समुद्रावरून मिठबावला आले. घरात वीज नव्हती. गंगारामनं सेलवर चालणारा प्लेअर आणला होता. तो त्यानं ओटीवर मांडला आणि माझं पहिलं गाणं लावलं. त्याची आई सुगंधाबाई कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली.

"रे, ह्येंका कोण मारता काय?" तिनं विचारलं.

"नाय गो आये. गातत ते."

"मगे आधी जेवूक घाल तेंका."

मला त्या घरी फार आवडलं.

गंगारामच्या बहिणीचं, यशोदाचं, एकोणसत्तर सालच्या वैशाखात लग्न झालं. नवरा परशुराम. तो आणि गंगाराम शाळेत एका बाकावर बसलेले. परशुराम मुंबईला छापखान्यात नोकरीला होता. त्या वर्षी चतुर्थीला तो सासरी आला, तेव्हा त्याच्या काखेत एक रेकॉर्ड होती. पाकिटावर चष्मा लावलेला वाघ.

मित्रांनो, साऱ्या मिठबावात रॉकच्या आम्ही दोघीच. त्यामुळे संपत आलेल्या दशकातली सर्वोत्तम रॉक रेकॉर्ड या दोघींपैकीच एक असणार, याबद्दल त्या दोघांचं पूर्ण एकमत होतं. भांडण होतं ते कोणती, एवढ्यावरच.

"ह्या धा वर्सांत अशी रेकॉर्ड झाली नाय," परशुराम वाघावर हात ठेवून म्हणाला, "आणि पुढल्या धा वर्सांत होवची नाय."

"पुढल्या धा वर्सांचा तुका कोणी सांगल्यान? वाघान?"

"तुझ्या किटलीत तिसऱ्या गाण्यात कुत्रो भुकता."

"तो मुद्दाम घातलेलो आसा."

"आमच्या वाडीतलो फुकट भुकता. तेका धाड इंग्लंडाक."

"आणि तुझ्या वाघाच्या शेवटच्या गाण्यात गिटारवालो झोपलो, तो उठलोच नाय."

"तेका सोलो म्हणतत."

"सोलो न्हय. घोरता तो."

शेजारचे भिकाजी गावच्या देवळात गाऱ्हाणं घालत, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीनं देवाशी बोलत. मोठा मान होता त्यांचा. त्यांना निवाडा करायला बसवलं. त्यांनी दोघी ऐकल्या, पानाला चुना लावला आणि सांगितलं, "माका दोनय सारख्यो. ढोलवालो बरो आसा. पण तेका आपल्या देवळात बोलवा नको."

मी अजून वाजतच होते. परशुराम मला बंद करायला आणि गंगाराम मला चालू ठेवायला एकदमच धावले. दोन हात सुईच्या एकाच दांडीवर पडले. सुई माझ्या अंगावरून फरफटत गेली. तो ओरखडा आजही आहे. तिथे आलं, की मी अडकते.

गंगाराम म्हणाला, माझीच बरी.

गंगाराम म्हणाला, माझीच बरी.

गंगाराम म्हणाला, माझीच

(इथे सुई बोटानं थोडी पुढे सरकवावी.)

परशुराम उठला. "जोपर्यंत तू माका 'तुझीच बरी' म्हणणस नाय, तोपर्यंत ह्या घरात पाणी पिवचंय नाय," असं म्हणाला आणि पावसातून निघून गेला. रागाच्या भरात छत्री विसरला आणि वाघही विसरला.

आता मला उलटवा. हलक्या हातानं. कडेला धरून.

बाजू दुसरी

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावयाला बोलवायचं, त्यानं रुसायचं आणि घरच्यांनी त्याची समजूत काढायची, ही रीत तुम्हांला ठाऊक असेल. कुणी अंगठी मागतो, कुणी घड्याळ. यशोदा माहेरी पुढे आली, ती नवऱ्याचा निरोप घेऊन. त्याला वस्तू नको होती. त्याला गंगारामच्या तोंडून दोन शब्द हवे होते.

"घड्याळ माग म्हणावा," गंगाराम म्हणाला. "हातातला काढून देतंय. पण ह्या सांगूचंय नाय. खोटा कसा सांगू?"

"दादा, तो उपाशी उठलो तर माका परत ह्या घरात कोण धाडतलो?" यशोदानं विचारलं.

सुगंधाबाईनं ठरवलं, की निदान रेकॉर्डी तरी नीटनेटक्या असाव्यात. जावयाच्या डोळ्यांत काही खुपायला नको. तिनं आमची पेटी उघडली. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वहाणेपासून पोथीपर्यंत सगळ्यावर बुरशी चढते. आम्हां दोघींवरही चढली होती. आम्ही पांढऱ्या दिसत होतो.

तिनं रिठ्याचं पाणी केलं. मऊ फडक्यानं एकेक रेघ पुसली. इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता. मग ती आम्हांला खळ्यात, म्हणजे अंगणात, घेऊन गेली. कोकमाची सोलं उन्हात वाळवायची, भात उन्हात वाळवायचं, गाद्या उन्हात टाकायच्या, हे तिनं जन्मभर केलेलं. ओलं ते उन्हात, यात चूक ती काय? दोन्ही बाजूंना वारा लागावा म्हणून तिनं मला तांब्याच्या तपेल्याच्या तोंडावर ठेवलं आणि वाघाला पलीकडच्या तपेल्यावर, माडाजवळ.

ऊन चढलं. माडाची सावली सरकत वाघावर गेली. माझ्यावर आली नाही.

मित्रांनो, मला दुखलं नाही. मला नुसती झोप आली. अंग सैल झालं, मधला भाग खाली गेला, आणि कुठल्यातरी गाण्याच्या मध्यावर मी तपेल्यात बसले.

संध्याकाळी सुगंधाबाई आली. वाघ सपाट होता. मी वाडगा झाले होते. तिनं मला भाकरीच्या पिठासारखं दाबून पाहिलं, पण मी निवून कडक झाले होते. तिनं मला पदराखाली घेतलं, स्वयंपाकघरातल्या फळीवर मडक्यांच्या मागे ठेवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

दुसरा दिवस चावदिस, म्हणजे नरकचतुर्दशी. तुळशीपुढे कारीट, ते छोटं कडू फळ, पायाच्या अंगठ्यानं फुटलं, आंघोळी झाल्या. नव्या भाताचे फोव, म्हणजे पोहे, तयार झाले. गुळाचे, दह्याचे, तिखट. शेजारी आले. परशुरामही आला, कारण न येणं ही आणखी मोठी बातमी झाली असती. पण तो ओटीवर दाराकडे पाठ करून बसला. समोरच्या ताटाला त्यानं हात लावला नाही. जावई खात नाही म्हणून कुणीच खाईना. गंगाराम आत खांबाला टेकून उभा. यशोदा उंबऱ्यात, ना आत ना बाहेर.

"वायच खावा, जावयबापू," सुगंधाबाई म्हणाली.

"तेणा म्हटल्यान, की खातंय."

भिकाजींना भूक लागली होती. ते उठले, त्यांनी हात जोडले आणि देवळात घालत तसं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," शेजारी म्हणाले.

"ह्या घरचो जावय आज रुसान बसलो हा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेका फोव खावची बुद्धी दी, नायतर आमचे सगळ्यांचे निवतले, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यांत मोठ्यानं आलं.

परशुरामचे ओठ हलले, पण तो हसला नाही. "दोनय रेकॉर्डी वाजय," तो म्हणाला. "वाडी सांगात ता खरा."

"आये, रेकॉर्डी हाड," गंगाराम आतून म्हणाला.

सुगंधाबाई स्वयंपाकघरात गेली आणि मला दोन्ही हातांत धरून ओटीवर आली. पाणी सांडेल अशी काळजी घेत चालावं, तशी ती चालत होती.

"मी केलंय ह्या," ती म्हणाली. "बुरशी इली होती. वतात वाळत घातलंय. ती मेणासारखी आसा ता माका काय म्हायत? जावयांची बरी ऱ्हवली. माझ्या झिलाची गेली."

गंगाराम पुढे आला. त्यानं मला घेतलं. आता मला धड कडही राहिली नव्हती, तरी त्यानं कडेलाच धरलं. आईला त्यानं बोल लावला नाही. त्यानं माझा तळ पाहिला. मग परशुरामकडे वळला.

"तुझीच बरी," तो म्हणाला. "झाला? आता फोव खा."

हवे होते ते दोन शब्द मिळाले. पण परशुरामनं ताट जवळ ओढलं नाही. तो उठला. त्यानं मला गंगारामच्या हातून घेतलं आणि निळ्या कागदाच्या मधल्या चकतीवर अंगठा ठेवला.

"अशी नको," तो म्हणाला. "वाजली असती आणि हरली असती, तर घेतलंय असतंय." मग तो म्हणाला, "खरा सांगू? चतुर्थीपासून मुंबयत माझ्या डोक्यात तुझीच किटली वाजता. आणि तो कुत्रो भुकता ना, थंयच ता गाणा उभा ऱ्हवता. तुझीच बरी."

"नाय रे. तुझीच बरी. तो सोलो..."

"सोलो कसलो? घोरता तो."

"घोरूंदे. असो घोरणारो ह्या धा वर्सांत दुसरो झालो नाय."

आणि मित्रांनो, त्यांचं भांडण पहिल्यापेक्षा जोरात सुरू झालं.

परशुराम म्हणाला, तुझीच बरी.

गंगाराम म्हणाला, तुझीच बरी.

परशुराम म्हणाला, तुझीच

यशोदा उंबऱ्यातून बाहेर आली. तिनं मला नवऱ्याच्या हातून काढून घेतलं, माझ्या भोकावर केळीच्या पानाचा तुकडा ठेवला, गुळाचे फोव भरले आणि मला दोघांच्या मध्ये ठेवलं.

"आधी खावा," ती म्हणाली. "मगे भांडा."

दोघं खाली बसले. दोन हात एकदमच माझ्यात आले. या खेपेला ओरखडा पडला नाही.

"व्हय म्हाराजा," असं म्हणून भिकाजींनी आपलं ताट ओढलं.

तेव्हापासून मी त्या घरचा वाडगा आहे. पातळ काही माझ्यात राहत नाही, पण चावदिसाला पहिले फोव माझ्यातच वाढतात. सुगंधाबाई मला अजून मायेनं पुसते, आणि मग सावलीत पालथी घालते. मित्रांनो, तिनं माझी हेळसांड केली असं कुणी म्हणू नका. तिनं माया केली, फक्त ती सोलांना सोसणारी होती, मला नाही. म्हणून तुमच्या हाती कुणाची कसलीही वस्तू आली, तर जीव लावण्याआधी तिला काय सोसतं ते विचारा. ऊन की सावली. ओलं की कोरडं. तिला सांगता येत नसेल, तर तिच्या माणसाला विचारा.

दशकातली सर्वोत्तम कोण, हेही तुम्ही मला विचाराल. वाघ अजून वाजतो. ओटीवर त्याचं शेवटचं गाणं लागतं आणि तो गिटारवाला लांबच लांब घोरत राहतो. मी फळीवरून ऐकते. माझ्या रेघांमध्ये गुळाचा एखादा पोहा अडकलेला असतो. माझा आवाज आता कुणाला ऐकू जात नाही, तरी मी मनापासून म्हणते, तुझीच बरी.

तुझीच बरी.

तुझीच

मित्रांनो, कुणीतरी सुई उचला.