पाठीमागचे हात

अर्धा चेहरा लोंबत होता, तरी क्रॅट्झला मी दारातच ओळखलं. तुरुंगात तो माझा पहारेकरी होता. मी जन्माचा बहिरा, बोलतो ते हातांनी. हे पक्कं ठाऊक असूनही हा मेला दर वेळी माझे हात पाठीमागे बांधायचा. आई गेल्याचा कागद पाद्र्यानं माझ्यासमोर धरला तेव्हाही बांधलेलेच होते. कशानं गेली, कुठं पुरली, काही विचारता आलं नाही. क्रॅट्झ भिंतीला टेकून हसत होता.

पुढं तो कैद्यांना नशेच्या गोळ्या विकताना सापडला आणि स्वतःच आत गेला. तिथं त्याला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, लिहायचा हात गेला, हो-नाहीला मानसुद्धा भलतीकडंच हलायची. सुटल्यावर त्याला पाठवलं ते नेमकं टोलेडो शहरातल्या आमच्या घरात. इथं सगळे आमच्यासारखेच, तुरुंगातून सुटलेले अपंग.

घर सांभाळणारी डेल्फीन मला खुणांनी म्हणाली, "ओडेलभाऊ, याला चार खुणा शिकवा की. घरातल्या सगळ्यांच्या बैठकीत 'मला इथं राहायचंय' एवढं तरी त्यानं स्वतः सांगायला हवं. नाहीतर खोली दुसऱ्याला जाईल, नियमच आहे तो."

"शिकवतो की," मी म्हणालो. "जुनी ओळख आहे आमची."

रोज दुपारी मी त्याच्यासमोर बसायचो, हात पाठीमागे घेऊन. नुसता बघत राहायचो. तो आधी वैतागला, मग रडायला लागला. मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू?

बैठकीच्या दिवशी जेवणं उरकल्यावर डेल्फीननं तोंडानं आणि मला कळावं म्हणून खुणांनीही त्याला विचारलं, "मग, राहायचंय ना इथं?"

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं आपला धड हात हळूच पाठीमागे नेला आणि मान खाली घातली.

"हे काय आता?" डेल्फीन माझ्याकडं वळली. "तुम्हीच शिकवलंय. काय म्हणतोय तो?"

तो माफी मागत होता. मला ते कळलं, आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं.

मी माझे हात पुढे घेतले. "नको म्हणतोय. इथं राहायचं नाही त्याला."

डेल्फीननं ते सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. ऐकू तर त्याला येतंच. त्यानं घाईघाईनं मान हलवली, आणि ती नेमकी होकाराची हलली. मग पाठीमागचा हात त्यानं पुढे आणला, हवेत धरला. पण त्या हाताला मी बोलायला शिकवलंच नव्हतं.