पेट्रोल, डिझेल आणि मामींचा पाय

गाडी पेट्रोलची घ्यावी की डिझेलची, असं मला कोणी विचारलं तर मी आधी उलट विचारतो, रोज किती पळवणार? रोज लांब जायचं असेल, सोबत माल असेल, तर डिझेल. गावातल्या गावात, नाहीतर आठवड्यातून एखादी चक्कर असेल, तर पेट्रोल. डिझेल कमी पितं आणि ओझं चांगलं ओढतं. पण इंजन जड, थरथर फार, आणि पंप-नोझलचं काम निघालं की सगळी स्वस्ताई तिथंच संपते. पेट्रोल जास्त लागतं, पण थंडीतसुद्धा किल्ली फिरवली की गाडी चालू, आणि आत बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येतं. माझी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात मशिनी दुरुस्त करण्यात गेली. या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही.

माझा मेहुणा बद्रीनाथ, तोही ऐकत नाही.

विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय आज होतो की उद्या, असं चाललं होतं, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट आहे. माझी बायको भागूबाई त्याआधीच्या उन्हाळ्यात गेली. काविळीचं निमित्त झालं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. फुलंब्रीच्या घरात मी एकटा राहिलो.

भागूचं माहेर पिशोर. तिथं तिची आई मनकर्णाबाई आणि धाकटा भाऊ बद्रीनाथ. सासूबाईंना मी मामी म्हणायचो. मामींना साखरेचा आजार. टाचेला जखम झाली ती भरेना. शहरातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, दर शुक्रवारी पट्टी बदलायला आणा, चुकवलंत तर पाय कापावा लागेल. शुक्रवारी आमच्या कारखान्याला सुट्टी असायची. म्हणून भागू होती तेव्हा आम्ही दोघं मामींना न्यायचो, आणि ती गेल्यावर मी एकटा नेऊ लागलो. फुलंब्रीहून उलटं पिशोरला जायचं, तिथून शहर, परत पिशोर, मग घर. चक्कर मोठी होती. पण मला ती पाहिजे होती. मामी मागच्या सीटवर गोधडीवर पाय पसरून बसायच्या आणि भागूच्या गोष्टी सांगायच्या. लहानपणी भागूनं शेळीच्या गळ्यातली घंटा सोडून बद्रीनाथच्या गळ्यात बांधली होती, रांगत कुठं गेला ते कळावं म्हणून. अशा गोष्टी मला दुसरं कोण सांगणार होतं?

मग बद्रीनाथनं जुनी डिझेलची फियाट घेतली. रोज पहाटे वांगी भरून तो शहरात न्यायचा. त्याच्या कामाला डिझेलच बरोबर होतं, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. पण एका शुक्रवारी मी मामींना घरी सोडलं तर तो अंगणात उभा.

"दाजी, पुढच्या शुक्रवारापासून तुम्ही येऊ नका. मी रोज जातोच, आईला मीच नेतो."

"वांग्यांवर बसवून?"

"वांगी डिक्कीत असत्यात. तुमचं पेट्रोल फुकट जळतंय."

"जळतंय ते माझं जळतंय. बद्री, तुझ्या गाडीची थरथर त्या पायाला सोसायची नाय. माझी गाडी उभी असली तर चालू हाये का बंद, हे कळत नाय."

"चढाला मात्र लगेच कळतं!" तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "खरं सांगू का? लोक बोलत्यात. बहीण गेली तरी दाजीला राबवतो म्हणत्यात. मला खाली मान घालावी लागती."

इंजनाचं उत्तर माझ्याकडं होतं, याचं नव्हतं. मामी दाराआड पदर ओढून उभ्या होत्या. भागू नाही तर तिच्या आईवर माझा हक्क काय, हे बद्रीनाथ बोलला नाही, पण अर्थ तोच होता.

मी ठरवलं की शुक्रवारी जायचंच.

बुधवारपासून शहरात वातावरण तापलं. बंदची भाषा सुरू झाली. गुरुवारी कारखान्यात जेवताना माझा जोडीदार फकिरा म्हणाला, "आप्पासाहेब, उद्या गाडी काढू नका."

फकिरा बिडकीनचा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून तो पोरसवदा असल्यापासून मोर्चात जात होता. नाव द्यावं, असंच माझंही मत होतं. गावात तसं बोललो की दोन-चार जण माझा रामराम घेत नसत, पण मत तेच होतं.

मी म्हणालो, "सासूचा पाय आहे रे."

"मग सकाळीच उरकून घ्या. दुपारनंतर माणसं रस्त्यावर येतील." आणि डबा बंद करता करता म्हणाला, "गावात कोणी नावावरून कुरकुरलं तर त्याला विचारा, नाव बदलल्यावर तुझ्या गाडीचं ॲव्हरेज कमी होणार आहे का?"

एरवी मी कारखान्याच्या बसनं जायचो, पण त्या दिवशी शुक्रवारसाठी टाकी भरायची म्हणून गाडी नेली होती. संध्याकाळी परत येताना पाहिलं तर वाटेवरचे सगळे पेट्रोल पंप दोऱ्या बांधून बंद. माझ्या गाडीचा काटा तळाला टेकलेला. फुलंब्रीपर्यंत कशीबशी आलो. आता पिशोर आणि शहर विसरायचं.

बद्रीनाथला पंपाची गरज नव्हती. विहिरीवरच्या इंजनासाठी त्याच्या मळ्यात डिझेलचं पिंप भरलेलं असायचं. पेट्रोल कोणी मळ्यात भरून ठेवत नाही. डिझेलची ही बाजू माझ्या हिशेबात कधी आलीच नव्हती. तिथं डिझेल जिंकलं, मान्य.

पण त्याची वाट फुलंब्रीवरूनच होती. शुक्रवारी सकाळी मी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. एसटी बंद, रस्ता रिकामा. बद्रीनाथची गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. मी रस्त्याच्या मधोमध गेलो.

त्यानं काच खाली केली. "दाजी, बाजूला व्हा. बंद पडली तर परत चालू व्हायची नाय."

"मी येतोय."

"कशाला? मी हाये की."

मी मागचं दार उघडलं तर मामींचा चेहरा घामानं भिजलेला. गोधडी होती, पण गाडीची थरथर सीटमधून थेट टाचेत जात होती. पिशोरपासून त्या तशाच आल्या होत्या. मुलगा चालवतोय म्हणून तोंडातून आवाज काढला नव्हता. पूर्वी भागू त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसायची. माझी गाडी शांत, म्हणून नंतर गोधडीवर भागलं.

मी आत बसलो. "मामी, पाय इकडं द्या."

त्यांनी पाय आखडून घेतला. "अरे देवा! जावयाच्या मांडीवर पाय? मला पाप लागंल."

"भागू होती म्हणून मी जावई. भागू नाय. आता कसला जावई? द्या पाय."

मामींनी डोक्यावरचा पदर मागं सारला. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं.

"कोण म्हणलं जावई नाय? माझी लेक गेली म्हणून तुम्ही परके झाला व्हय? पुन्हा असं बोलायचं नाय." मग आरशात बद्रीनाथकडं बघत म्हणाल्या, "आन तू बी ऐक. कोण लोक बोलत्यात, त्यांना माझ्याकडं धाड."

त्यांनी स्वतःच पाय उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "पाप लागलं तर माझ्या माथ्यावर."

मी दोन्ही हातांनी पाय उचलून धरला. टाच कशालाही टेकू दिली नाही. थरथर माझ्या कोपरापर्यंत यायची आणि तिथं थांबायची. थोड्या वेळानं मामींची मान कलली. त्या गोंगाटात त्यांना झोप लागली.

शहराच्या तोंडाशी, हर्सूलच्या नाक्यावर पोलिसांनी गाडी अडवली.

"इंजन बंद कर!" हवालदार ओरडला.

"साहेब, बंद केलं तर ढकलायला तुम्ही येणार का?" बद्रीनाथ तितक्याच मोठ्यानं ओरडला.

हवालदार मागच्या काचेशी आला. मांडीवर पट्टी बांधलेला पाय बघून आवाज उतरवून मला म्हणाला, "आई का?"

मामी जाग्या झाल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "जावई हाये माझा."

तो हवालदारही गावाकडचाच असावा. त्यानं एकदा पायाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि अडसर बाजूला ओढला.

दवाखाना उघडा होता. डॉक्टरांनी पट्टी सोडली. जखम कडेनं भरायला लागली होती. "हादरा लागू देऊ नका, पाय असाच धरून आणा," म्हणाले. दुपारच्या आत आम्ही शहराबाहेर पडलो.

परतताना बद्रीनाथ फुलंब्री जवळ आल्यावर म्हणाला, "दाजी, पुढच्या शुक्रवारी कसं करायचं?"

मी तोवर सगळं ठरवून टाकलं होतं. "हादरा नको तर गाडी पेट्रोलची पाहिजे. पाय धरायचा तर मी मागं पाहिजे. मग चालवायला तू."

"मी पेट्रोलची गाडी चालवू? आन वांगी?"

"एक दिवस दुसऱ्याच्या टेम्पोत टाक."

"पेट्रोल परवडतं का पण?"

"रोज परवडत नाय. आठवड्यातून एकदा परवडतं. मी आधीपासून तेच सांगतोय."

"भांडा तुम्ही," मामी म्हणाल्या, "पर खड्डा बघून हाका."

पुढच्या शुक्रवारी पंप उघडले होते. मी आदल्या दिवशीच टाकी भरून घेतली होती. पिशोरच्या अंगणात बद्रीनाथ माझ्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसला. मी मागं, मामींचा पाय मांडीवर. त्यानं किल्ली फिरवली, गाडी लगेच चालू झाली. मग डिझेलच्या सवयीनं ॲक्सिलरेटर न देताच क्लच सोडला आणि गाडी आचका देऊन बंद पडली.

"हिच्यात दम नाय," तो म्हणाला.

"दम हाये. पण मागावा लागतो. ॲक्सिलरेटर दे, क्लच हळू सोड."

त्यानं तसं केलं, आणि गाडी आवाज न करता अंगणाबाहेर पडली.