बिननावाचा सोमवार

त्रिवेणीनं एंटरचं बटण पुन्हा दाबलं आणि पडदा पुन्हा कोराच राहिला. एकही नाव नाही. तिनं लॅपटॉप चौरंगावर थोडा फिरवला, जसं काही उजेड पडला की नावं बाहेर येणार होती.

"मंजी कुणीच राह्यलं न्हाई," सोमेश्वरशेट म्हणाले. "समद्यांच्या पाळ्या झाल्या. चांगलंच हाय की."

मानवतच्या त्या मठात श्रावणातल्या दर सोमवारी दासोह असतो. एका घरानं शिधा आणायचा, रांधायचं आणि येईल त्याला जेवू घालायचं. कुणाची पाळी कधी, हे इतकी वर्षं ईश्वरअप्पांच्या डोक्यात असायचं. पण डोकं पासष्टीला आलं. मागे एकदा दोन घरांना एकच सोमवार दिला गेला आणि मठाच्या दारात दोन पातेली आमनेसामने आली. तेव्हा अप्पांनी परभणीत सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या आपल्या मुलीला, त्रिवेणीला, कामाला लावलं.

यंदाचा शेवटचा सोमवार अजून मोकळा होता. नियम जुनाच: ज्या घराला कधी पाळी मिळाली नाही, त्याला आधी विचारायचं. तसं घर उरलंच नसेल तर पुन्हा पहिल्यापासून, आणि पहिलं घर सोमेश्वरशेटांचं. शेट माणूस वाईट नव्हे. अडतीचा व्यवहार चोख, हात सैल. फक्त दिलेलं चार लोकांनी पाहिलं नाही तर त्यांना अन्न गोड लागत नसे.

खांबाशी बसलेल्या महानंदाबाईंनी पदर सावरला आणि उठायची तयारी केली. शेवया-पापड करून एकटीनं घर चालवणारी बाई. पाळ्या ठरायच्या दिवशी त्या दरवर्षी येऊन बसत आणि 'पुढल्या साली बघू' ऐकून घरी जात. आपल्या हातानं एकदा पंगत वाढावी, एवढंच त्यांना हवं होतं. ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच आता कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

"काकू, थांबा," त्रिवेणी म्हणाली. "तुमची पाळी कधी झालीच न्हाई. तुमचं नाव यायला पायजे."

"मशीन खोटं बोलंल का?" शेट म्हणाले.

"मशीन न्हाई. मीच विचारताना चुकायलेय."

अप्पा सरकून तिच्या शेजारी आले. "काय इचारलंस तू त्येला? मला सांग."

"एकाच्या पोटात एक असे दोन प्रश्न हायेत, अप्पा. आई तुमाला म्हणती, घरात नसलेली डाळ आणा. मग तुमी काय करता?"

"आधी डबे बघतो."

"तो आतला प्रश्न. डब्यांत काय काय हाय ते कळलं, की मग बाहेरचा: दुकानातल्या कोणत्या डाळी ह्यात न्हाईत? इथं आतला प्रश्न, आजवर कुणाकुणाची पाळी झाली. बाहेरचा, मठातली कोणती घरं त्यात न्हाईत. आतल्याचं उत्तर नीट आलं तरच बाहेरच्याचं येतंय."

बोलता बोलता तिनं आतला प्रश्न वेगळा काढून एकटाच चालवून पाहिला. भराभर नावं आली. मधेच एक ओळ होती: सोमवार होता, नावाची जागा रिकामी.

"हे बघा. एका डब्याचं झाकणच निघंना. आत तूर असंल, मूग असंल. मशीन लय भित्रं असतंय. तूर घ्यायला गेलं की म्हणतं, त्या डब्यात तूरच असली तर? मूग घ्यायला गेलं की तेच. खात्री न्हाई म्हणून काहीच घेत न्हाई. रिकामी पिशवी घेऊन परत."

अप्पा हसले, पण ती ओळ त्यांनी लगेच ओळखली. ती गेल्या श्रावणातली होती. ज्यांची पाळी, त्यांच्या घरी ऐनवेळी दुखणं निघालं आणि सकाळीच कुणीतरी मठात सगळा शिधा पोचवला. जुन्या पाळ्या भरताना त्रिवेणीनं शिधा देणाऱ्याचं नाव विचारलं, तर अप्पा म्हणाले होते, "तिथं नाव लिवू नको. देणाऱ्यानं मला शपथ घातलीया." गुप्तदान महापुण्य, म्हणून तिनं जागा कोरी सोडली. एवढ्याशा कोऱ्या जागेनं महानंदाकाकूंना आज रिकाम्या हातानं घरी पाठवलं असतं, या विचारानं तिला वाईट वाटलं.

तिनं आतल्या प्रश्नात एक अट घातली: ज्या ओळीला नाव नाही, ती धरू नकोस. बटण दाबलं. तीन घरं आली. एक केव्हाच पुण्याला गेलेलं. दुसरं खुद्द ईश्वरअप्पांचं. जगाच्या पाळ्या लावता लावता स्वतःची राहूनच गेली होती. आपलं नाव वाचून अप्पांचा चेहरा खुलला. तिसरं महानंदाबाईंचं.

"थांबा," सोमेश्वरशेट म्हणाले. "तो बिननावाचा ह्या दोघांतलाच असला तर? मग त्येची पाळी झालेली हाय की. आधी कोण ते कळू द्या. तवर सोमवार माझ्याकडं असू द्या."

शेटांचं म्हणणं खोडून काढता येत नव्हतं. महानंदाबाईंचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले. त्या नखानं सतरंजीचा धागा ओढत राहिल्या.

"मीच तो," अप्पा म्हणाले.

त्रिवेणीनं चमकून वळून पाहिलं. देणाऱ्यानं अप्पांना शपथ घातली होती. मग देणारे अप्पाच कसे? कपाळावर विभूती लावून, भर मठात, तिचे वडील सरळ खोटं बोलत होते. तिला त्यांचा फार अभिमान वाटला.

"असं व्हय," शेट म्हणाले. "मंग तुमचं नाव कटलं."

"कटलं."

"मंग राहिलं एकच."

महानंदाबाई अप्पांकडे बघतच राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. अप्पा चष्मा पुसण्यात गुंतले होते.

"काय करायचं मग बाई, गोडाला गव्हाची हुग्गी का पुरण?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"हुग्गी."

"गूळ माझ्या दुकानातून न्या," शेट मोठ्यानं म्हणाले आणि कुणी ऐकलं ते पाहिलं.

"न्हाई शेट, शिधा हाय माझ्याकडं." महानंदाबाईंनी पदरानं डोळे टिपले. "चुलीपाशी कुणीबी बसा. पण वाढायला ह्या बारीला मी उभी राहणार, समद्यांसमोर."

'ह्या बारीला' ऐकून त्रिवेणीनं पडद्यावरच्या कोऱ्या ओळीकडे पाहिलं, मग काकूंकडे.